क्वीनची यादीत खाली सापडणारी गाणी

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलतानाची अडखळ काढून टाकलीये, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

फोनवर ‘क्वीन’ शोधा. सगळ्यात वर काय येतं? ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. आणि अर्थात ‘वी विल रॉक यू’, म्हणजे पाय-पाय-टाळी. बँडचं नाव माहीत नसलेल्यालाही तो ठोका माहीत असतो. आता एखाद्या पक्क्या क्वीनवेड्याला त्याचं आवडतं गाणं विचारा. बहुतेक वेळा यातलं एकही सांगणार नाही. म्हणेल ‘थर्टी-नाइन’. नाहीतर ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’. आपल्याला वाटतं, हा भाव खातोय. थोडा खातोही! पण त्यात तथ्य आहे.

मुळात एखादं गाणं ‘कमी माहितीचं’ होतं कसं? दर वेळी ते कमी चांगलं असतं म्हणून नाही. १९७३ ते १९९५ या काळात क्वीनचे पंधरा स्टुडिओ अल्बम आले. १९८१ साली त्यातली तोवरची गाजलेली सतरा गाणी एकत्र करून ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढला. एकट्या ब्रिटनमध्ये त्याचा खप पुढे सत्तर लाखांवर गेला, तिथला आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच. म्हणजे बहुतेक घरांत क्वीन आला तो या सतरा गाण्यांच्या दारातून. जी गाणी दाराबाहेर राहिली ती राहिलीच. आज तेच काम आपल्या फोनमधली ‘पॉप्युलर’ यादी करते. लोक वरची पाच ऐकतात, म्हणून ती पाच वर राहतात, म्हणून लोक तीच ऐकतात.

दुसरी चाळणी सिंगलची. सिंगल म्हणजे एक छोटी तबकडी, एका बाजूला रेडिओवर वाजवायचं गाणं आणि मागच्या बाजूला भरतीचं, म्हणजे बी-साइड. १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची तबकडी आली, तिच्या मागे होतं ड्रमर रॉजर टेलरचं ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’. गाडीच्या प्रेमात पडलेल्या माणसाचं गाणं, शेवटी रॉजरच्या स्वतःच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज. गंमत बघा, तबकडी विकली गेली की पुढच्या आणि मागच्या गाण्याच्या लेखकाला सारखेच पैसे मिळायचे. ‘ऱ्हॅप्सडी’ ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होती. फ्रेडी मर्क्युरीच्या बरोबरीने रॉजरचीही कमाई झाली, ज्याचं गाणं बहुतेकांनी तबकडी उलटवून ऐकलंही नसेल. यावरून बँडमध्ये चांगलीच कुरबूर झाली. कुठलं गाणं सिंगल व्हायचं, मागे कुणाचं लावायचं, हे वाद पुढे कैक वर्षं चालले. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून त्यांनी ठरवलं की नाव कुणा एकाचं नको, सगळी गाणी ‘क्वीन’ची. म्हणजे हिट कोण ठरवतं, यामागे एवढा खराखुरा पैसा आणि रुसवेफुगवे होते.

तिसरी चाळणी स्टेजची. १९७४ च्या ‘क्वीन टू’ अल्बमच्या बाजूंना एक-दोन असे आकडे नव्हते. एक पांढरी बाजू, एक काळी. काळी बाजू पूर्ण फ्रेडीची. त्यात ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ आहे, साधारण साडेसहा मिनिटांचं, दर मिनिटाला चाल बदलणारं. टेपवर आवाजावर आवाज चढवत ते बांधलंय, त्यामुळे चार माणसांना स्टेजवर ते पूर्ण गाणं शक्यच नव्हतं. मैफलींत त्याचा फक्त तुकडा वाजायचा. मला विचाराल तर ‘ऱ्हॅप्सडी’चा खर्डा याच गाण्यात ऐकू येतो, आणि काही जागी खर्डाच जास्त धीट आहे. याच बाजूला पावणेतीन मिनिटांचं आणखी एक गाणं आहे, ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’. रिचर्ड डॅड नावाच्या चित्रकाराने मनोरुग्णालयात असताना काढलेलं एक चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, त्यावरून फ्रेडीने ते लिहिलं. चित्र फोनवर उघडा आणि गाणं लावा. गवताआडची बारीक बारीक माणसं एकेक करून गाण्यात येतात.

आणि ‘थर्टी-नाइन’? ते गिटारिस्ट ब्रायन मेचं, गायलंयही त्यानेच. वरवर ऐकलं तर शेकोटीभोवती म्हणावं असं साधं लोकगीत. नीट ऐकलं तर काही माणसं जहाजातून नवी भूमी शोधायला निघतात. परततात तेव्हा त्यांच्या हिशेबाने एकच वर्ष गेलेलं असतं, आणि घरी शंभर. जहाज समुद्रातलं नाही, अवकाशातलं! प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केला तर प्रवाशासाठी वेळ हळू जातो, ही आइनस्टाइनची गोष्ट त्याने घरच्यांपासून तुटण्याच्या दुःखात बसवलीय. ब्रायन मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी, बँडपायी पीएचडी अर्धवट टाकलेला. ती त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. अवकाशातल्या धुळीवर.

फॅन या गाण्यांवर जीव का टाकतात, ते मला इथे कळतं. ‘वी आर द चॅम्पियन्स’ आता सगळ्यांचं झालंय, मॅच जिंकणाऱ्या प्रत्येकाचं. या गाण्यांत मात्र चार वेगवेगळी माणसं दिसतात. एकाला गाडीचं वेड, एकाला ताऱ्यांचं. फ्रेडी, म्हणजे झांझिबारला पारशी घरात जन्मलेला आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बल्सारा, १९७८ च्या ‘मुस्तफा’त अर्धे खरे, अर्धे मनचे शब्द घेऊन अशी काही बांग देतो की रॉक बँड ऐकतोय हेच विसरायला होतं. १९७९ च्या ‘लाइव्ह किलर्स’ अल्बममध्ये ‘ऱ्हॅप्सडी’च्या आधी त्याने हीच हाक टाकलीय.

कधीकधी एक अख्खा देशच गाणं सांभाळतो. १९७५ मध्ये क्वीन पहिल्यांदा जपानला गेला, तेव्हा तिथल्या पोरापोरींनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यानंतर ब्रायनने ‘तेओ तोरियात्ते’ लिहिलं, धृपद दोनदा चक्क जपानीत. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. जपानच्या दौऱ्यात ते लागलं की सगळं सभागृह सोबत गातं.

सुरुवात करायची तर ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ सलग लावा, शफल बंद करून. त्यात ‘ऱ्हॅप्सडी’ शेवटून दुसरी आहे, आणि तिच्याहून लांब, आठ मिनिटांवरचं ‘द प्रॉफेट्स साँग’ही त्यातच आहे. ते फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मधल्या भागात वाद्यं थांबतात आणि फ्रेडीचा एकटा आवाज उरतो. त्याचाच प्रतिध्वनी थोड्या उशिराने परत येतो आणि तो त्याच्यावर पुन्हा गातो. हेडफोनमध्ये एक फ्रेडी डाव्या कानात, एक उजव्या, एक मधोमध. स्पीकरवर तिघांचा एकच होतो.