आधी वाचा, मग बोला

‘डिस्कोर्स’ या प्रणालीवर चालणाऱ्या चर्चास्थळावर नवं खातं उघडलं, की लगेच फार काही करता येत नाही. एका मजकुरात दोनच लिंक, चित्र एकच आणि खासगी संदेश तर नाहीच. जेफ अ‍ॅटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी 2013 मध्ये आणलेल्या या प्रणालीत ही अडवणूक मुद्दाम ठेवली आहे. फुकट जाहिरात करणाऱ्याला घाई असते. ज्याला खरंच बोलायचं असतं, तो थांबतो.

विश्वासाच्या इथे शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. पहिलीसाठी 5 विषय उघडायचे, 30 नोंदी वाचायच्या आणि वाचनाला किमान 10 मिनिटं द्यायची. स्वतः एक शब्दही लिहावा लागत नाही! दुसरीसाठी 15 दिवसांची हजेरी, थोडीफार उत्तरं आणि इतरांची दाद लागते. तिसरी मिळाली तरी टिकवावी लागते. गेल्या 100 दिवसांपैकी निम्मे दिवस फिरकला नाहीत, तर ती जाते. चौथी संचालक स्वतः देतात. हे आकडे मूळ मांडणीतले. संचालकांना ते बदलता येतात.

पायरी चढलेल्यांच्या तक्रारीला वजनही जास्त. त्यांच्यापैकी काही जणांनी एखाद्या नोंदीवर आक्षेप घेतला, की ती आपोआप झाकली जाते आणि नियंत्रक निवांतपणे निर्णय घेतात.

पेच येतो तो ईमेलवाल्यांचा. ‘पायथन’ या संगणकभाषेच्या विकासकांची चर्चा वर्षानुवर्षं ईमेल-यादीवर चाले. 2022 मध्ये ती डिस्कोर्सवर आली. अशा जुन्या मंडळींना मेलमधूनच उत्तर देता येतं. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिणं सोपं असल्यामुळे प्रत्येक सूचनेसोबत त्या सदस्यापुरता वेगळा उत्तर-पत्ता जातो. दुसऱ्याच कुणाच्या मेलवरून आलेलं उत्तर स्वीकारलं जात नाही.

म्हणजे उत्तर कुणाचं, हे कळतं. वाचन मात्र निसटतं. वाचनाची मिनिटं पान स्क्रीनवर किती वेळ उघडं होतं त्यावरून मोजली जातात. मेलमध्ये रोज सगळी चर्चा वाचणाऱ्याचा हिशेब तसा लागत नाही. अनुभवी माणूस कागदोपत्री नवखाच राहू शकतो.

उपाय प्रणालीतच आहे: संचालकाला कुणाचीही पायरी हाताने वाढवता येते. मोजमाप यंत्राने करावं. पण माणूस ओळखायचं काम नियंत्रकाने यंत्रावर ढकलू नये.