किती फिटलं?

पाडव्याच्या सकाळी फराळ करता करता पुतण्याने विचारलं, "काका, दहा वर्षं झाली किस्त भरतोय. अर्धं मकान तरी आता आपलं झालं असेल न?"

जबलपूरच्या मराठी घरांत हप्त्याला किस्त म्हणतात आणि खरेदीखताला रजिस्ट्री. मी त्याला बँकेच्या ॲपमध्ये कर्जाचं पान उघडायला सांगितलं. विजयनगरच्या फ्लॅटसाठी २०१५ मध्ये घेतलेल्या ३० लाखांपैकी २१ लाखांहून थोडे जास्तच अजून बाकी होते. दहा वर्षांत त्याच्या खात्यातून गेलेली रक्कम ३१ लाखांच्या पुढे होती. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मग मी भरलं काय?"

अर्धी मुदत सरली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं, हा हिशेब त्याने आपल्या आजोबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून ऐकलेला. बाबांच्या बाबतीत, मुद्दलाच्या हप्त्यांपुरता, तो अगदी बरोबर होता.

आमचं हे शहर कारखान्यांच्या पगारावर उभं राहिलं. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४२ची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. बाबा व्हेईकल फॅक्टरीत होते. रांझीतलं आमचं घर त्यांनी एचबीएवर बांधलं. एचबीए म्हणजे केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्याला घर बांधण्यासाठी देतं ती आगाऊ रक्कम. तिची परतफेड बँकेच्या कर्जाहून अगदी वेगळी चालते. आधी फक्त मुद्दल कापतात, जास्तीत जास्त १८० मासिक हप्त्यांत. मुद्दल संपलं की व्याजाची वसुली सुरू होते, जास्तीत जास्त ६० हप्त्यांत. व्याज सरळव्याज. दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलं असेल तेवढ्यावर ते मोजतात आणि बाजूला लिहून ठेवतात, त्या व्याजावर पुन्हा व्याज चढत नाही.

समजा १ लाख ८० हजार घेतले आणि दर १० टक्के धरला. महिन्याला हजार रुपये गेले की पंधरा वर्षांत मुद्दल शून्य. या काळात साचलेलं व्याज होतं सुमारे १ लाख ३५ हजार, ते पुढच्या पाच वर्षांत महिना सव्वादोन हजारांच्या आसपास भरायचं. नव्वदावा हप्ता गेला त्या महिन्यात मुद्दल बरोबर अर्धं उरलेलं असतं. पगाराची चिठ्ठी हातात आली की बाबा कितवा हप्ता गेला ते आईला मोठ्याने सांगत. घरातल्या लहान मुलालासुद्धा किती उरलं ते कळायचं.

पुतण्याच्या पगाराच्या चिठ्ठीत असं काही नाही. तो खासगी नोकरीत, त्याचं कर्ज बँकेचं. दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून एक ठरावीक रक्कम जाते आणि मोबाइलवर निरोप येतो. त्या निरोपात किती गेलं ते असतं, किती उरलं ते नसतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. माणूस वीस वर्षं एक आकडा पाठ म्हणतो आणि ज्या आकड्यावर त्याचं घर अवलंबून आहे तो त्याला ठाऊक नसतो.

बँकेच्या हप्त्याच्या पोटात दोन रकमा असतात, व्याज आणि मुद्दल, आणि व्याज आधी आपला वाटा घेतं. ३० लाख, २० वर्षं आणि समजायला सोपं जावं म्हणून पूर्ण काळ ८.५ टक्के दर धरला, तर हप्ता येतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २१,२५०. मुद्दलाकडे गेले फक्त ४,७८५. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी, म्हणून व्याज ३४ रुपयांनी कमी आणि मुद्दलाचा वाटा ३४ रुपयांनी जास्त. असं सरकत सरकत मुद्दलाचा वाटा पहिल्यांदा व्याजाहून मोठा होतो तो १४३व्या हप्त्याला, म्हणजे बाराव्या वर्षाच्या शेवटाकडे. पाच वर्षांनी २६ लाख ४४ हजार बाकी असतात, दहा वर्षांनी सुमारे २१ लाख. अर्धं मुद्दल फिटायला १३ वर्षं १० महिने लागतात.

यात फसवणूक नाही. जेवढं देणं आहे तेवढ्यावरच व्याज लागतं, आणि ते कोणालाही ताडून पाहता येतं. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक गुणिले वार्षिक दर, भागिले १२००. येणारा आकडा विवरणपत्रातल्या व्याजाशी जवळजवळ जुळला पाहिजे. पुतण्याने फराळाच्या टेबलावरच हा भागाकार केला आणि तो जुळल्यावर त्याचा चेहरा थोडा निवळला. वीस वर्षांची बेरीज मात्र ६२ लाख ४८ हजार होते, घेतलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. माझ्या आजीच्या तोंडी दामदुप्पट हा शब्द होता. जुन्या हिंदू कायद्यात एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे, त्यावरून आलेला. बँकेच्या नियमित हप्त्याला ते बंधन लागू नाही. राखण आपली आपणच करायची.

खरी गडबड दर हलला की होते. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो रेपो दर मे २०२० पासून दोन वर्षं ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला, त्यामागे गृहकर्जांचे दरही चढले. समजा कोणी २०२१ मध्ये ६.७५ टक्क्यांनी ३० लाख घेतले, वीस वर्षांसाठी. हप्ता २२,८११. दीड वर्षाने बाकी २८ लाख ८८ हजारांच्या आसपास, आणि दर झाला ९.२५. आता एका महिन्याचं व्याजच २२,२६० होतं. त्याच हप्त्यातून मुद्दलाकडे साडेपाचशे रुपये जातात आणि कर्ज फिटायला आणखी चाळीस वर्षं लागतील. दर साडेनऊ झाला तर हप्ता व्याजालाही पुरत नाही, उलट कर्ज वाढू लागतं. बँका सहसा चाळीस वर्षं मुदत देत नाहीत, त्यामुळे कुठे मुदत ताणली गेली, कुठे हप्ता वाढला, कुठे दोन्ही. हप्ता वाढला तर माणूस लगेच चौकशी करतो. मुदत वाढली तर खात्यातून तीच रक्कम जात राहते आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

हीच तक्रार देशभरातून झाली तेव्हा १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. दर बदलामुळे हप्ता किंवा मुदत बदलली तर कर्जदाराला लगेच कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, थोडं थोडं किंवा सगळं आधी फेडायचं, याची निवड त्याला द्यायची. ताणलेल्या मुदतीतही हप्ता व्याजापेक्षा कमी पडता कामा नये. आणि दर तिमाहीला सोप्या भाषेत विवरणपत्र द्यायचं: आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, किती हप्ते उरले, वार्षिक दर काय. बाबांच्या चिठ्ठीत जे सहज कळायचं ते सांगणारे कागद आता बँकेकडे मागता येतात. मागितल्याशिवाय ते समोर येतीलच असं नाही. बहुतेकांचं विवरणपत्र ईमेलमध्ये न उघडता पडलेलं असतं, पुतण्याचंही तसंच होतं.

त्याच्या कर्जात आणखी एक गाठ निघाली. २०१५ म्हणजे बेस रेटचा, बँकेने स्वतः ठरवलेल्या मूळ दराचा काळ. एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर हा बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणारा दर आला आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं बंधनकारक झालं, निदान दर तीन महिन्यांनी फेरआखणीसह. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हा नव्या कर्जांवर तो उतार लवकर पोचला. याचं कर्ज जुन्याच पद्धतीवर अडकलेलं. थोडं शुल्क भरून पद्धत बदलता येते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

बोनसच्या एक लाखाचं काय करू, हेही त्याला हवं होतं. व्यक्तीच्या नावावरच्या, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल बँकांना दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेने तो जून २०१२ मध्येच बंद केला. वर धरलेल्या हिशेबात पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख जादा भरले तर सुमारे १८ हप्ते कमी होतात. तेच एक लाख दहा वर्षांनी भरले तर जेमतेम नऊ. उशीर झालाच आहे, पण नऊ हप्ते म्हणजेही २ लाख ३० हजारांच्या वर. भरताना लेखी सांगायचं, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. नंतर महिन्याभराने पाहायचं, व्याजात सुमारे ७०८ रुपयांची घट दिसते का. माझ्याच एका कर्जात बँकेने अशी रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ म्हणून धरली होती. शिल्लक हललीच नाही. विवरणपत्र पाहिलं नसतं तर ते मला कधीच कळलं नसतं, आणि ती दुरुस्ती व्हायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

अजून एक गोष्ट, जबलपूरकराने तरी विसरू नये. २२ मे १९९७ च्या रात्री भूकंप झाला तेव्हा शहरातली कितीतरी घरं भेगाळली, काही पडली. घर पडलं म्हणून कर्जाची शिल्लक पडत नाही. भूकंपासह घराचा विमा आहे का, आणि तो शिल्लक कर्जाला पुरेल एवढा आहे का, हे शिल्लक पाहतानाच पाहावं.

दुपारी पुतण्याने आजोबांची लोखंडी पेटी उघडायला लावली. त्यात घराचं गहाणखत होतं. एचबीएचं घर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे गहाण ठेवतात, हे त्याला माहीत नव्हतं. तो कागद त्याने दोनदा वाचला. खाली गहाण सुटल्याचा कागद, त्याच पिवळ्या पाकिटात. त्याची स्वतःची रजिस्ट्री अजून बँकेच्या तिजोरीत आहे. आता नियम असा आहे की कर्ज पुरतं फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून परत करायच्या कागदांना हे लागू आहे. त्याच ३० दिवसांत बँकेने आपला बोजाही नोंदवहीतून उतरवायचा असतो.

पुतण्याच्या बायकोने तोवर स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं. ऑक्टोबरच्या पानामागे दुधाचा हिशेब होता. त्याच्याखाली रेघ मारून तिने तारीख घातली आणि ॲपमधली शिल्लक, दर, उरलेले हप्ते लिहिले. मग त्याला म्हणाली, "जानेवारीचा आकडा तू लिहायचा."