मक्याचे मातीतले सोबती

मका हे खादाड पीक आहे. हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. बाजरी हलक्या रानातही येते. ज्वारी थोडक्यात भागवते. मक्याचे तसे नाही. तो तीन-चार महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जातो, तुरा काढतो, कणीस धरतो, दाणे भरतो. एवढे सगळे उभे करायचे तर त्याला खायलाही तसेच लागते. म्हणून आपण युरिया घालतो. पाने पिवळी दिसली की आणखी घालतो. शेजाऱ्याने दोन गोण्या घातल्या तर आपण तीन घालतो.

पण एक गोष्ट विचारू का? घातलेले खत सगळे मक्याच्याच पोटात जाते का?

नाही जात. १९९९ साली रॉन आणि जॉन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा हिशोब मांडला. गहू, भात, मका अशा तृणधान्यांना आपण नत्र घालतो. त्यातले दाण्यात किती उतरते? उत्तर आले, १०० किलोत ३३ किलो. उरलेल्यातले काही ताटात आणि पानात राहते, काही मातीत राहते. पण बराच वाटा शेत सोडून निघून जातो. पैसा आपला, मेहनत आपली, आणि खत मात्र भलतीकडेच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलीच ही गत!

खत जाते कुठे?

युरिया जमिनीवर उघडा फेकला आणि वर ऊन पडले, की त्यातल्या नत्राचा वायू होतो. तो हवेत उडून जातो. हा झाला पहिला चोर.

मोठा पाऊस झाला, किंवा पाटाचे पाणी भरमसाट दिले, तर नत्र पाण्यात विरघळून खाली झिरपते. मुळांच्या खाली गेलेले नत्र मक्याला सापडत नाही. हा दुसरा चोर.

शेतात पाणी साचून राहिले तर मातीत हवा राहत नाही. मग नत्राचा वायू होऊन तो निघून जातो. हा तिसरा चोर.

खाली झिरपलेले नत्र हळूहळू विहिरीच्या पाण्यात उतरते. पाण्यात त्याचा अंश फार वाढला तर ते पाणी तान्ह्या बाळाला घातक ठरते. बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. बाळ निळे पडते. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट पाणी आटले की दोष वाढतो. म्हणजे वाया गेलेले खत फक्त खिशाला चाट देत नाही. ते घरापर्यंत येऊ शकते.

आणि स्फुरदाचे काय? ते उडत नाही, फारसे झिरपतही नाही. पण आपल्या काळ्या रानात चुना असतो. चुन्याशी स्फुरदाची गाठ पडली की ते घट्ट बसते. जमिनीत असते, पण मुळाला उचलता येत नाही. पेटीत दागिने आहेत आणि किल्ली हरवली आहे, तसे.

मातीत कोण राहते?

चांगल्या मातीची चिमूट हातात घ्या. डोळ्याला काही दिसत नाही. पण त्या चिमटीत कोट्यवधी जीव असतात. ते इतके बारीक असतात, की सूक्ष्मदर्शक यंत्राशिवाय दिसत नाहीत. त्यांना जिवाणू म्हणतात. जिवाणू म्हटले की आपल्याला रोगच आठवतात. पण सगळे जिवाणू वाईट नसतात. दुधाचे दही कोण करते? जिवाणूच. शेणाचे खत कुजवणाऱ्यांतही जिवाणू असतात. तसेच काही जिवाणू पिकाच्या मुळाशी राहून पिकाला मदत करतात.

हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे रोप हळूच उपटून बघा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतले नत्र घेऊन पिकाला देतात. म्हणून या पिकांना युरिया फारसा लागत नाही.

मक्याच्या मुळांवर अशा गाठी नसतात. पण मक्याचेही सोबती आहेत. त्यातल्या दोघांची नावे जरा अवघड आहेत. एकाचे नाव अझोस्पिरिलम, दुसऱ्याचे अझोटोबॅक्टर. नावे पाठ झाली नाहीत तरी चालेल. दुकानात पुडीवर वाचता आली म्हणजे झाले. आता आपल्याला वाचता येते, ते अशा वेळी कामाला येते.

अझोस्पिरिलम मक्याच्या मुळाला चिकटून राहतो. मूळ त्याला थोडी साखर देते. बदल्यात तो दोन कामे करतो. हवेतले थोडे नत्र धरून देतो. पण त्याहून मोठे काम दुसरेच आहे. मूळ वाढवणारा एक रस तो तयार करतो. त्यामुळे मक्याला बारीक मुळ्या जास्त फुटतात. मुळांवरचे केस दाट होतात. मुळे मातीत दूरवर पसरतात.

याने काय होते? पंगतीत भाकऱ्यांची टोपली ठेवली आहे, पण जेवणाऱ्याचे हात आखूड आहेत. मग भाकरी वाया जाणार, आणि जेवणारा उपाशी राहणार. मुळे म्हणजे झाडाचे हात. हात लांब झाले की तेच खत झाडाच्या तोंडी जास्त लागते. पाणीही जास्त मिळते. खत झिरपून जाण्याआधीच मुळे ते उचलतात.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जिवाणू खत म्हणजे युरियाच्या जागी घालायची वस्तू नव्हे. आपण दिलेले खत वाया जाऊ न देणारा तो राखणदार आहे.

तिसरा सोबती स्फुरदाची पेटी उघडतो. त्याला स्फुरद विरघळवणारे जिवाणू म्हणतात. तो मातीत आंबट रस सोडतो. त्या रसाने घट्ट बसलेले स्फुरद सुटे होते. मग ते मुळाला उचलता येते.

हा शोध कसा लागला?

हॉलंड देशात बायेरिंक नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. १९०१ साली त्यांनी अझोटोबॅक्टर जगापुढे आणला. १९२५ साली त्यांनी नागमोडी आकाराच्या आणखी एका जिवाणूचे वर्णन केले. पण त्याच्याकडे पुढे कित्येक वर्षे कोणी फारसे पाहिले नाही.

मग योहाना डोबेरायनर नावाच्या बाई पुढे आल्या. त्यांचा जन्म १९२४ सालचा, युरोपातला. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या घरादाराची वाताहत झाली. पुढे त्या दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात गेल्या आणि मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करू लागल्या. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांना गवताच्या आणि मक्याच्या मुळांत तोच नागमोडी जिवाणू सापडला. १९७८ साली त्याला अझोस्पिरिलम हे नाव मिळाले. बाई २००० साली वारल्या. पण त्यांचे काम थांबले नाही.

त्याच देशात मारियांजेला हुंग्रिया या शास्त्रज्ञ बाईंनी ते पुढे नेले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मक्याला चांगले मानवणारे जिवाणू निवडले. २००९ च्या सुमारास ते ब्राझीलच्या शेतकऱ्यांना विकत मिळू लागले. या कामाबद्दल हुंग्रियाबाईंना २०२५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा शेतीतला फार मोठा मान आहे.

आपल्याकडेही ही खते मिळतात. महाराष्ट्रातली कृषी विद्यापीठे ती तयार करतात. कृषी सेवा केंद्रांतही ती असतात.

बियाण्याला कसे लावायचे?

एकरभर मक्याला साधारण ६ ते ८ किलो बियाणे लागते. दर किलोला २५ ग्रॅम अझोस्पिरिलम किंवा अझोटोबॅक्टर घ्यावे. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही तेवढेच घ्यावे. बाटलीतले पातळ जिवाणू खत असेल तर बाटलीवर लिहिलेले माप पाळावे.

१ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ घालून उकळावा. पाणी पुरते थंड होऊ द्यावे. गरम पाण्यात जिवाणू मरतात. बियाणे स्वच्छ पोत्यावर पसरावे. गुळाचे पाणी बी ओलसर होण्यापुरतेच शिंपडावे. सगळे ओतू नये. मग पुडीतली भुकटी टाकून हलक्या हाताने चोळावे. प्रत्येक दाण्याला काळपट लेप बसला पाहिजे. बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे.

आता कोणी म्हणेल, "आमचं बियाणं तर संकरित. पिशवीतून निघतं तेच गुलाबी नाहीतर निळं. त्याचं काय?" बरोबर शंका आहे. तो रंग बुरशीनाशक किंवा कीडनाशक लावल्याची खूण असते. असे बी उघड्या हाताने चोळू नये. हातमोजे घालावेत. उरलेले बी कोंबड्यांना किंवा जनावरांना घालू नये. अशा विषारी लेपावर जिवाणू नीट जगत नाहीत. म्हणून ते जमिनीतून द्यावेत. एकरी २ किलो जिवाणू खत ५० किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळावे. पेरणीच्या वेळी ते सरीत टाकून लगेच मातीआड करावे.

बुरशीनाशक घरीच लावायचे असेल तर ते आधी लावावे. जिवाणू सगळ्यांत शेवटी.

पुडी घेताना आणि ठेवताना

पुडीत माती नसते, जिवंत माल असतो. सरकारने २००६ साली जिवाणू खते कायद्याखाली आणली. त्या नियमाप्रमाणे अझोस्पिरिलमच्या १ ग्रॅम भुकटीत ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. आणि हे वापराची मुदत संपेपर्यंत. म्हणून पुडीवरची तारीख वाचा. मुदत गेली असेल तर पुडी परत करा. पुडी कोणत्या पिकासाठी आहे तेही बघा. हरभऱ्याच्या पुडीचा मक्याला उपयोग नाही.

पुडी उन्हात ठेवू नये. पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीच्या टपावर तर मुळीच नाही. घरात थंड जागी, माठाच्या आसपास, पण पाण्यापासून दूर ठेवावी. युरिया किंवा सुपर फॉस्फेट यांच्यात जिवाणू खत कधी मिसळू नये. खताच्या तिखटपणाने ते मरतात.

आणखी एक. जिवाणूंनाही खायला लागते. मातीत शेणखत, पालापाचोळा नसेल तर ते उपाशी मरतात. मक्याची धसकटे पेटवू नका. ती कुजवा. पेरणीही चांगल्या ओलीवर, वाफसा आल्यावरच करा.

युरिया कसा द्यायचा?

राखणदार ठेवला म्हणून दार सताड उघडे टाकायचे नसते. युरिया एकदम देऊ नये. तीन हप्ते करावेत. एक पेरणीच्या वेळी, दुसरा महिन्याने, तिसरा ४० ते ४५ दिवसांनी. ओळीच्या बाजूला द्यावा आणि कोळपून मातीआड करावा. मोठ्या पावसाची चिन्हे असतील तर दोन दिवस थांबावे.

मग युरिया किती कमी करता येईल? मक्याला साधारण हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असते. म्हणजे एकरी ४८ किलो. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे धरले, तर १०४ किलो युरिया लागतो. जिवाणू खत नीट वापरले तर नत्रात चौथाईपर्यंत बचत होऊ शकते, असे जाणकार सांगतात. चौथाई म्हणजे एकरी २६ किलो युरिया. ४५ किलोच्या गोणीतली अर्ध्याहून जास्त गोणी झाली.

पण ऐकीव गोष्टीवर सगळे रान पणाला लावू नका. प्रत्येक रानाची माती निराळी असते. आधी माती तपासून घ्या. पहिल्या वर्षी खत नेहमीएवढेच द्या. सगळ्या मक्याला जिवाणू लावा, फक्त चार ओळी तशाच सोडा. त्यांना खुणेच्या काठ्या रोवा. महिन्याने दोन्हीकडचे एकेक रोप मातीसकट उकरा, मुळे पाण्यात धुवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. काढणीला दोन्हीकडच्या चार चार ओळींचे दाणे वेगवेगळे मोजा. आकडे वहीत लिहून ठेवा. फरक दिसला, तर दुसऱ्या वर्षी थोड्या तुकड्यात युरिया चौथाईने कमी करून बघा. उतारा टिकला, तर मग पुढे पाऊल टाका. एकदम सगळा युरिया बंद करू नका. तसे केले तर मका पिवळा पडेल आणि बोल जिवाणूंना लागेल.

खताची गोणी उसनवारीने आणणाऱ्या घराला अर्धी गोणी वाचणे ही लहान गोष्ट नाही. गावाच्या विहिरीचे पाणी चांगले राहणे ही तर त्याहून मोठी गोष्ट. दोन्हींची राखण मुळांपाशी बसलेले हे इवले सोबती करू शकतात. त्यांना मजुरी लागत नाही. सावली, ओल, थोडे शेणखत आणि वेळेवर पेरणी, एवढेच त्यांचे मागणे आहे.

मग यंदा चार ओळींना काठ्या रोवाल ना?