टिल्लू चावतो कशाने?

“आबा, टिल्लू चावला मला!” मनूने बोट थेट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. पेरावर दोन बारीक अर्धगोल उमटले होते, एक वरून, एक खालून. कातडी फाटली नव्हती. तरी आधी तिला साबणाने हात धुवायला लावले आणि मग गोष्टीला बसलो. कासवाच्या चाव्याची गोष्ट एका बोटावर संपत नाही, ती कोट्यवधी वर्षं मागे जाते.

“हे दातांचे वण ना, आबा?”

“नाही गं. त्याला दातच नाहीत.”

टिल्लू म्हणजे तिच्या मामाने आणून दिलेलं चार सेंटिमीटरचं कासवाचं पिल्लू. हिरवंगार कवच आणि डोळ्यामागे लाल पट्टा. याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. याचं मूळ गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं खोरं. याच्या जबड्याच्या कडांना चोच असते, आणि आपली नखं ज्या केराटिनची बनतात त्याच द्रव्याची ती असते. मात्र कासवांच्या पूर्वजांना दात होते बरं का! चीनच्या ग्वेइचौ प्रांतात सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचे जीवाश्म सापडले. 2008 साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं ओडोंटोकेलिस. त्याच्या जबड्यात दात होते, पोटाखाली पुरी ढाल होती, पण पाठीवर कवच नव्हतं. बरगड्या तेवढ्या रुंद झाल्या होत्या. पुढे असंख्य पिढ्या गेल्या, दात नाहीसे झाले, चोच आली, बरगड्या पसरत पसरत पाठीच्या कण्यासकट एकसंध झाल्या आणि कवच पुरं झालं.

“म्हणजे कवच त्याचं घर नाही?”

“मुळीच नाही. तो त्याचा सांगाडाच आहे. कार्टूनमध्ये कासव कवच काढून ठेवतं ना, ते साफ खोटं. आणि त्याच्या खांद्याची हाडं बरगड्यांच्या आत असतात. आपल्या पाठीवर हात फिरवून बघ, खांद्याचं पातं बरगड्यांच्या बाहेर लागतं. हाडांचा हा उलटा संसार प्राण्यांमध्ये फक्त कासवानेच मांडला.”

मनूने स्वतःच्या पाठीवर हात नेला, खांद्याचं पातं चाचपलं आणि मग टाकीतल्या टिल्लूकडे बघत बसली. कवचाला स्पर्श कळतो, हेही तिला सांगून टाकलं. वरच्या कठीण थराखाली जिवंत हाड आहे, नसा आहेत. त्यामुळे कवचावर टिचक्या मारणं हा खेळ नव्हे.

आता चाव्याकडे येऊ. मी तिला विचारलं, “तू त्याला उचललंस तेव्हा आधी काय झालं?”

“फुस्स केलं त्याने. मग पाय हलवले खूप. मग चावला.”

पोरीने नीट पाहिलं होतं, आणि या तीन गोष्टींतच सगळं उत्तर आहे. आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या फुलतात. कासवाच्या बरगड्या कवचात पक्क्या झालेल्या, त्या हलणार कशा? म्हणून ते पोटाच्या आणि पायांजवळच्या स्नायूंनी फुफ्फुसांत हवा भरतं. घाबरून डोकं-पाय झटकन आत घेतले की आत जागाच उरत नाही, हवा जोरात बाहेर फेकली जाते आणि फुस्स असा आवाज येतो. टिल्लू रागावला नव्हता, तो आत शिरत होता. आत शिरूनही हात दूर होईना, तेव्हा त्याने पाय मारून सुटायला पाहिलं. तेही जमेना, तेव्हा चोच वापरली. इंग्रजी एस अक्षरासारखी घडी घालून आत घेतलेली मान सरळ होते ती क्षणात. आपल्याला दिसतं ते फक्त बोटाला लटकलेलं पिल्लू.

“पण मी त्याला मारत नव्हते! लाड करत होते.”

“ते तुला माहीत. त्याचा हिशेब बघ. तुझा हात त्याच्या अंगाच्या तिप्पट लांब. तुझ्या तिप्पट लांबीचा हात म्हणजे सुमारे 12 फुटांचा, आपल्या खोलीत उभा मावणार नाही एवढा. तसा हात वरून आला आणि तुला उचलून हवेत नेलं तर?”

मनू गप्प झाली. जंगलात या पिल्लांना वरून उचलतात ते बगळे, त्यांना आपलं भक्ष्य हवं असतं. रॅकून नावाचे प्राणी आणि मोठे मासेही त्यांच्यावर टपलेले असतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून त्यांच्या आईने त्यांना सांभाळलेलं नसतं, शिकवलेलं नसतं. वरून येणारी सावली म्हणजे मरण, एवढं शहाणपण जन्मतःच गाठीशी असतं आणि तेवढ्यावर ती जगतात. लाड करणारा हात त्या शहाणपणात कुठेच नाही.

चावण्याचं दुसरं कारण अगदी वेगळं आहे, आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. पिल्लू पाण्यात आहे, मान ताणून हाताकडे झेपावतंय आणि बोटाला तोंड घालतंय, तर ती भीती नव्हे, भूक आहे. स्लायडरची पिल्लं मुख्यतः मांसाहारी असतात. किडे, गोगलगायी, छोटे मासे, जे हलेल त्यावर तुटून पडतात. मोठी झाली की पाला आणि पाणवनस्पती जास्त खातात. बोटाने खाणं भरवलं की बोट आणि खाणं एकच, हा धडा ती लगेच गिरवतात. म्हणून खाणं पाण्यात टाकावं किंवा लांब चिमट्याने द्यावं. पाण्याबाहेर दिलं तर त्याला नीट गिळताही येत नाही.

चावलं आणि सोडेना, तर हात झटकू नये, ओढू नये. बोटासकट त्याला पाण्यात न्यावं, पाणी लागलं की ते सोडून पोहायला लागतं. उचलायचं ते टाकी धुण्यापुरतंच: दोन्ही हातांनी, कवचाच्या दोन्ही बाजूंना मागच्या पायांजवळ धरून, जमिनीच्या अगदी जवळ. तोंडासमोर बोटं नकोत, वरून झडप नको. नंतर साबणाने हात धुवायचेच, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. यामुळेच अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. मुलं ती तोंडात घालत आणि आजारी पडत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊच नये.

टिल्लूच्या टाकीकडे पाहिलं तेव्हा मला दुसरीच काळजी वाटली. पाणी होतं, पण वर चढून कोरडं बसायला जागा नव्हती. कासवाला ऊन लागतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. आम्ही सपाट दगड ठेवला, अर्ध्या भागावर सावली धरली आणि टाकी सकाळच्या कोवळ्या उन्हात नेली. बऱ्याच वेळाने टिल्लू दगडावर चढला, त्याने मान लांब केली, मागचा एक पाय सरळ ताणला आणि बोटांमधला पातळ पडदा पंख्यासारखा पसरला. मनूने श्वास रोखून ते पाहिलं. एकदाही हात लावला नाही. हे पाहायचं सुख उचलून घेण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं.

“आबा, त्याला आपण तळ्यात सोडून देऊ या का? तिथे त्याला कोणी उचलणार नाही.”

तिचा जीव त्यामागे होता, पण उत्तर ठाम नाही असंच होतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे, आणि युरोपीय संघाने 1997 साली त्याची आयात बंद केली. आपल्या तळ्यांत आपली स्वतःची कासवं आहेत. त्यांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा हा पाहुणा बळकावतो, सोबत रोगही नेऊ शकतो. उलट आपल्याकडची रानटी कासवं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव धरून, घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

दुकानातलं हे चिमुकलं पिल्लू पुढे 25 ते 30 सेंटिमीटरचं होऊ शकतं आणि नीट सांभाळलं तर 20 ते 30 वर्षं जगतं. मनू नोकरीला लागेल तेव्हाही टिल्लूला मोठी टाकी, स्वच्छ पाणी आणि ऊन लागेल. आईबाबांनो, मुलाने हट्ट धरला तर विकत घेण्याआधी एवढा हिशेब करा. आणि घरात आधीच असेल आणि सांभाळणं जमत नसेल, तर सांभाळणारं दुसरं घर शोधा, पण नदीत किंवा तळ्यात सोडू नका.