एक पान, अनेक ब्राउझर



छापील पुस्तकाचें पान मुंबईच्या वाचकानें उघडलें काय किंवा नागपूरच्या वाचकानें उघडलें काय, त्यावरील ओळी, समास आणि चित्रें जेथल्या तेथेंच असतात. छापखान्यांतून पान बाहेर पडलें कीं त्याचें रूप कायमचें ठरून जातें. वेबसाइटवरील पानाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेंच पान एकाच्या संगणकावर नीटनेटकें दिसतें. दुसऱ्याच्या मोबाइलवर त्याचा उजवा रकाना खालीं घसरलेला असतो. आणि तिसऱ्याला तर अर्ज पाठविण्याचें बटणच सांपडत नाहीं. अशा वेळीं घरांतील मंडळी कधीं इंटरनेटला, कधीं यंत्राला, तर पुष्कळदां स्वतःच्या अज्ञानाला दोष देतात. वास्तविक हा दोष बहुधा त्यांचा नसतो. तो कोठून उत्पन्न होतो आणि पान रचणारे लोक त्यावर कोणते उपाय योजतात, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, वेबपान म्हणजे तयार चित्र नव्हे. तें एक सूचनापत्र आहे. त्याचे मुख्य भाग दोन. पहिला एचटीएमएल या भाषेंत लिहिलेला असतो. मथळा कोणता, परिच्छेद कोठें संपतो, चित्र कोठें यावें, हें त्यांत सांगितलेलें असतें. दुसरा सीएसएस या भाषेंत असतो. त्यांत रंग, अक्षरांचा आकार, समास, रकान्यांची रुंदी यांविषयींच्या आज्ञा असतात. आपल्या यंत्रावरील ब्राउझर, मग तो क्रोम असो, सफारी असो, फायरफॉक्स असो वा एज असो, हें सूचनापत्र वाचतो आणि त्याबरहुकूम पान मांडतो. म्हणजे येथें छापखाना प्रत्येकाच्या घरांत आहे, आणि खिळे जुळविणारा जुळारी प्रत्येकाचा वेगळा आहे. जें सूचनेंत स्पष्ट सांगितलेलें नसतें तें हा जुळारी आपल्या संवयीनें करतो. मथळ्याच्या वर किती जागा सोडावी, बटणाला कोणता आकार द्यावा, यांविषयीं प्रत्येक ब्राउझरचे आपले नियम असतात. तेव्हां थोडाफार फरक पडणें हें या व्यवस्थेंतच आहे.

परंतु स्पष्ट सांगितलेल्या गोष्टीचाही अर्थ दोघांनीं दोन तऱ्हांनीं लावला, तर काय होतें? सीएसएसचा इतिहास या प्रश्नानें भरलेला आहे. हाकोन विउम ली यांनीं १९९४ सालच्या ऑक्टोबरांत या भाषेची कल्पना मांडली. पुढें त्यांना बर्ट बॉस यांची साथ मिळाली, आणि १९९६ सालच्या डिसेंबरांत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें तिची पहिली आवृत्ति शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. दुर्दैवानें तो काळ नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांच्या ऐन चढाओढीचा होता. १९९७ सालीं दोघांच्याही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या निघाल्या. दोघांनीं सीएसएसमधील कांहीं नियम उचलले, कांहीं सोडले, आणि जे उचलले तेही आपापल्या समजुतीप्रमाणें पाळले.

यांतील एक मतभेद नीट समजून घेण्याजोगा आहे. मुंबई-पुण्याकडे घर घेणाऱ्यांस कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यांतील भेद चांगलाच ठाऊक असतो. भिंतींच्या आंतील जमीन मोजली तर एक आंकडा येतो; भिंती धरून मोजलें तर दुसरा. वेबपानावरील प्रत्येक गोष्ट अशाच एका चौकोनांत बसविलेली असते. मध्यें मजकूर, मजकुराभोंवतीं मोकळी जागा, तिला पॅडिंग म्हणतात. आणि त्याबाहेर चौकटीची रेघ, ती बॉर्डर. सीएसएसच्या नियमाप्रमाणें रुंदी म्हणजे केवळ मजकुराची रुंदी, म्हणजे आपला कार्पेट एरिया. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची विंडोजवरील पांचवी आवृत्ति मात्र भिंती धरून मोजीत असे.

आतां गणित करून पाहूं. एका रकान्याची रुंदी २०० पिक्सेल सांगितली. डाव्या-उजव्या बाजूंस २० पिक्सेल मोकळी जागा आणि ५ पिक्सेल रेघ दिली. नियमाप्रमाणें रकाना एकंदर २५० पिक्सेल जागा घेईल. असे तीन रकाने ७५० पिक्सेल रुंदीच्या पानांत बरोबर बसतील. एक्सप्लोररच्या त्या आवृत्तींत मात्र प्रत्येक रकाना २०० पिक्सेलांतच आटोपे आणि पानावर १५० पिक्सेलांची ओसाड पट्टी उरे. उलट कोणी एक्सप्लोरर समोर ठेवून रुंदी २५० सांगितली, तर नियम पाळणाऱ्या ब्राउझरमध्यें प्रत्येक रकाना ३०० पिक्सेलांचा होई. तिघांची बेरीज ९०० भरे, आणि जागा न पुरल्यामुळें तिसरा रकाना खालीं उतरे. रकाना घसरण्याचें गूढ पुष्कळदां एवढेंच असतें: बेरीज जागेपेक्षां जास्त झालेली असते.

या भांडणाचा निकाल मोठ्या चातुर्यानें लागला. जुन्या समजुतीवर रचलेलीं असंख्य पानें अस्तित्वांत होतीं. ब्राउझर एकाएकीं सुधारला असता तर तीं सारीं विसकटलीं असतीं. म्हणून पानाच्या पहिल्या ओळींत डॉक्टाइप नांवाची जी घोषणा असते तिचा उपयोग खुणेसारखा करण्यांत आला. योग्य घोषणा असली तर ब्राउझर नियमानें मोजतो. ती नसली तर पान जुनें आहे असें समजून जुन्या संवयीनें वागतो. मॅक संगणकावरील एक्सप्लोररनें २००० सालच्या मार्चमध्यें ही युक्ति आणली, आणि २००१ सालीं विंडोजवरील सहाव्या आवृत्तीनें ती स्वीकारली. आजही बिघडलेलें पान हातीं आलें तर जाणता मनुष्य प्रथम पहिली ओळ पाहतो. पुढें बॉक्स-सायझिंग हा गुणधर्म सीएसएसमध्यें आला, आणि माप आंतून घ्यावें कीं बाहेरून, हें पान रचणाऱ्यालाच सांगतां येऊं लागलें. गंमत अशी कीं, आज पुष्कळ रचनाकार भिंती धरून मोजण्याची पद्धतिच पसंत करतात. एकेकाळीं जी चूक ठरली होती ती सोयीची निघाली! कोणतेंही माप एकमतानें चालतें. तंटा होतो तो मापाविषयीं एकवाक्यता नसल्यामुळें.

ही एकवाक्यता नुसत्या उपदेशानें आली नाहीं; ती परीक्षेनें आली. जन्म शाळेंत गेलेल्या मनुष्याला हें सांगतांना विशेष समाधान वाटतें. १९९८ सालीं कांहीं रचनाकारांनीं एकत्र येऊन वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही संघटना काढली आणि कंपन्यांकडे नियमपालनाचा तगादा लावला. २००५ सालच्या एप्रिलमध्यें या संघटनेनें ॲसिड-२ नांवाची कसोटी प्रसिद्ध केली. ब्राउझरनें नियम बरोबर पाळले तर पडद्यावर एक हसरा चेहरा उमटे. चुकले तर चेहऱ्याचे तुकडे होत. ज्याला सीएसएसचें अक्षरही येत नाहीं त्यालाही कोण उत्तीर्ण व कोण अनुत्तीर्ण हें डोळ्यांनीं कळे. २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या कसोटींत तर शंभरांपैकीं गुण मिळत. चारचौघांत निकाल लागूं लागल्यावर आळशी विद्यार्थीही अभ्यासाला बसतो! २०१७ सालच्या मार्चमध्यें फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांनीं ग्रिड नांवाची रकाने आंखण्याची नवी पद्धति एकाच महिन्यांत आणली. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला इत्यादि संस्था इंटरॉप या उपक्रमांत दर वर्षीं सामाईक त्रुटींची यादी ठरवून त्या दूर करतात. आणि त्याच वर्षीं १५ जून रोजीं संगणकावरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधारही मायक्रोसॉफ्टनें काढून घेतला.

मग आतां सारें आलबेल आहे काय? तसें नाहीं. आजच्या ब्राउझरांच्या पोटांत मुख्यतः तीन इंजिनें आहेत: क्रोम व एज यांत ब्लिंक, सफारींत वेबकिट, फायरफॉक्समध्यें गेको. त्यांच्यांतील अंतर पुष्कळ कमी झालें असलें तरी मोबाइलनें नवे प्रश्न उभे केले आहेत. पान पडद्याच्या पूर्ण उंचीचें करावें अशी आज्ञा दिली, तर मोबाइलवर पत्त्याची पट्टी धरून उंची मोजावी कीं सोडून, हा प्रश्न उभा राहतो. पट्टी नाहीं असें समजून मोजलें, तर तळाचें बटण पडद्याखालीं जातें. पुन्हां तोच कार्पेट एरियाचा वाद! यासाठीं लहान, मोठी व बदलती अशा तीन उंचींचीं स्वतंत्र परिमाणें २०२२ पर्यंत प्रमुख ब्राउझरांत आलीं.

मराठी पानांस आणखी एक अडचण असते. पान रचणारा पुष्कळदां रोमन अक्षरें समोर ठेवून माप घेतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खालीं उकार असतात. ओळीची उंची आखडती ठेवली किंवा चौकोनाची उंची बांधून टाकली तर मात्रा कापल्या जातात. अक्षरांमध्यें शोभेसाठीं अंतर घातलें तर शिरोरेषा तुटते. शिवाय विंडोजवर निर्मला, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर आणि अँड्रॉइडवर नोटो, असे निरनिराळे देवनागरी फॉन्ट असल्यामुळें एकच वाक्य प्रत्येक ठिकाणीं कमीअधिक जागा घेतें. "अर्ज सादर करा" हे तीन शब्द एका यंत्रावर बटणांत बसतात, तर दुसऱ्यावर अर्धे कापले जातात. उपाय सोपा आहे: चौकोनाची उंची बांधूं नये, ती मजकुराप्रमाणें वाढूं द्यावी, ओळींत मोकळीक ठेवावी, आणि पानाची भाषा मराठी आहे हें सूचनापत्रांत नोंदवावें. कांहीं फॉन्ट ही नोंद पाहून ल आणि श यांचीं मराठी वळणें देतात.

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी वेबपानें रचण्यास शिकत असेल, तर त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. पहिली, दोष दिसला कीं घाईनें ठिगळ लावूं नये. पानांतील एकेक भाग वगळीत जावें आणि दोष ज्या चार ओळींत राहतो त्या शोधून काढाव्या. दुसरी, ब्राउझरजवळ दिलेल्या तपासणीच्या साधनानें प्रत्येक चौकोनाचें माप प्रत्यक्ष पाहावें. अंदाज बांधूं नये. तिसरी, सीएसएसचा एक उदार नियम लक्षांत ठेवावा: ब्राउझरला जी आज्ञा समजत नाहीं ती तो सोडून देतो व पुढें जातो. म्हणून आधीं जुनी, सर्वांस समजणारी आज्ञा लिहावी व तिच्याखालीं नवी लिहावी. जाणता नवी पाळील, अजाण जुनी पाळील, आणि कोणाचेंच पान मोडणार नाहीं. चौथी, ब्राउझरला त्याचें नांव विचारूं नये. अमुक एक गोष्ट तुला येते काय, एवढेंच विचारावें. तसें विचारण्याची सोय सीएसएसमध्येंच आहे. नांवावरून परीक्षा केली तर उद्यां सुधारलेला ब्राउझरही कालच्या दोषाची शिक्षा भोगीत राहतो.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्व ब्राउझरांत पान तंतोतंत सारखें दिसावें हा हट्ट व्यर्थ आहे. कोणाचा पडदा लहान, कोणाचा मोठा. कोणी दृष्टि अधू झाल्यामुळें अक्षरें दुप्पट करून वाचतो. कोणी जुन्या मोबाइलवर काम भागवितो. या सर्वांस एकच रूप मिळणें शक्य नाहीं आणि आवश्यकही नाहीं. कोपऱ्याची गोलाई एखाद्याला दिसली नाहीं तर त्याचें कांहीं अडत नाहीं. परंतु रेशनकार्डाचा, शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज भरतांना शेवटच्या दिवशीं बटण पडद्याबाहेर गेलें, तर त्या मनुष्याचें वर्ष वायां जाऊं शकतें. रूपांत फरक चालेल. मजकूर वाचतां येणें आणि काम पुरें होणें, यांत फरक चालणार नाहीं. पान रचणाऱ्यानें आपलें काम याच कसोटीवर घांसून पाहावें. आणि आपणही पुढच्या खेपेस पान विसकटलेलें दिसल्यास स्वतःस दोष देण्यापूर्वीं तें दुसऱ्या ब्राउझरमध्यें एकदां उघडून पाहावें. तेथें तें नीट दिसलें, तर चूक आपली नाहीं एवढें तरी निश्चित समजावें, आणि ज्याचें तें पान आहे त्याला दोन ओळींत कळवावें.