वाहनसंगोपन, लेखांक ५ : रंगाचे मुद्दल

गेल्या लेखांकात मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात चढणाऱ्या थरांचा तपशील आपण पाहिला. आता पाऊस ओसरून खंडेनवमी समीप आली असता, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत दारोदारी वाहने धुऊन पूजेस सिद्ध करण्याची लगबग सुरू होणार असता, त्यांपैकी सर्वांत वरच्या पारदर्शक थराच्या रक्षणाचा विचार करणे उचित ठरेल.

कारागीर ज्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात तो हा थर बहुधा ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो. परंतु रंगाची झळाळी त्याच्या नितळपणावर अवलंबून असते आणि अतिनील किरणांना अटकाव करणारी द्रव्येही त्यातच असतात. यंत्राने कंपाउंड घासले की ओरखडे नाहीसे झालेले दिसतात, ते ओरखडा भरून आल्यामुळे नव्हे, तर त्याच्या सभोवतालचा थर तेवढा झिजवल्यामुळे. बेळगावच्या हिंदाल्को कारखान्यात बॉक्साइटपासून जे ॲल्युमिना तयार होते, त्याच द्रव्याचे अतिसूक्ष्म कण अशा अनेक लेपांत हे झिजवण्याचे काम करतात. तात्पर्य, प्रत्येक घासणी म्हणजे मुद्दलातून केलेला खर्च होय, आणि या खात्यावर जमेची बाजू मुळीच नाही.

म्हणून ओरखडा काढण्यापेक्षा तो पडू न देण्याचा बंदोबस्त करणे, हेच खरे संगोपन. रस्त्यावरील धुळीत गारेचे कण असतात. सकाळी कोरडे फडके फिरवताना तेच कण रंगावर ओढले जातात आणि उन्हात जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेषा दिसू लागतात. प्रथम भरपूर पाणी सोडून चिखल भिजू द्यावा. नंतर एका बादलीत शाम्पूचे व दुसरीत स्वच्छ पाणी घेऊन, दर फेरीस कापड दुसऱ्या बादलीत खळबळून, टपापासून खाली धूत यावे आणि चाकांलगतचा भाग शेवटी, निराळ्या कापडाने धुवावा. विहिरीचे अथवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते उन्हात वाळून पांढरे डाग उमटतात. यास्तव गाडी सावलीत धुऊन मऊ मायक्रोफायबरने तत्काळ टिपावी.

गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसमंतात उसाच्या चिपाडांची राख गाड्यांवर बसते. ती हाताने न पुसता पाण्यानेच वाहून जाऊ द्यावी. बेळगावच्या कॅम्पात झाडांखाली गाडी लावणाऱ्यांनी पक्ष्यांच्या विष्ठेबाबत हयगय करू नये, कारण तिच्यातील आम्ल तापलेल्या रंगात शिरून कायमचा व्रण पाडते. ओले कापड काही वेळ ठेवून, मऊ झाल्यावर ती अलगद उचलावी.

धुऊन कोरड्या केलेल्या थंड पत्र्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. ब्राझीलमधील ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण पाणी टिकू देत नाही. मात्र ऊन-पावसाने ते काही आठवड्यांतच विरत असल्याने पुनःपुन्हा लावावे लागते. पूजेच्या दिवशी गंधाचे स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर रेखावे आणि झेंडूच्या माळेची दोरी वाऱ्याने रंगावर घासणार नाही अशी बांधावी. भक्तीत उणेपणा न येता रंगही अबाधित राहील.

थराची जाडी मोजून मगच घासणीचा निर्णय कसा करावा, हे पुढील लेखांकात पाहू. तोवर सणासाठी यंत्राने पॉलिश करवून घेण्याचा बेत वाचकांनी तहकूब ठेवावा, ही आग्रहाची विनंती.