राग म्हणजे कुकरमधली वाफ नव्हे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग चालू होता. दोन विद्यार्थ्यांत स्टॉपवॉचवरून बाचाबाची झाली आणि एकाने हातातला पितळी गोलक दुसऱ्यावर भिरकावला. तो त्याच्या कानाजवळून जाऊन खिडकीच्या काचेवर आदळला. वीतभर अंतराने अनर्थ टळला. फेकणारा मुलगा एरवी अगदी शांत. "सर, हात कधी सुटला ते कळलंच नाही," तो थरथरत म्हणाला. मी त्याला मैदानाला चार फेऱ्या मारून यायला सांगितले. म्हणजे राग निघून जाईल, असे मला वाटले. तो परत आला तेव्हाही तितकाच लालबुंद होता!

माझे काय चुकले? ते समजण्यासाठी रागाच्या वेळी शरीरात काय घडते ते पाहू.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९११ साली एका मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि मांजराचे रक्त तपासले. त्यात अ‍ॅड्रेनलीन आढळले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून हे द्रव्य रक्तात येते. त्यामुळे हृदय जोराने धडधडते, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि रक्ताचा ओघ पोटाकडून स्नायूंकडे वळतो. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. पिलांचे रक्षण करणाऱ्या मादीला ही सज्जता जीवनदायी ठरते. स्टॉपवॉचच्या भांडणात मात्र तिचा उपयोग नसतो.

ही आज्ञा मेंदूतून सुटते. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला बारीक तारेने विद्युत्‌प्रवाह दिला, तेव्हा शांत मांजर केस पिंजारून फिसकारू लागले. मेंदूच्या या भागावरील संशोधनाबद्दल हेस यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धोक्याची सूचना देण्यात अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाचा मोठा वाटा असतो, तर कपाळामागचा मेंदूचा भाग लगाम खेचतो. हा लगाम पक्का व्हायला वयाची साधारण पंचविशी उजाडते. म्हणजे तुमच्या वयात घोडा जोरात असतो आणि लगाम अजून तयार होत असतो. पण ही सबब नव्हे. उलट, लगाम खेचायचा सराव करण्याचे हेच वय.

आता माझ्या चुकीकडे वळू. आपण समजतो की राग कुकरमधल्या वाफेसारखा साठतो आणि शिट्टी झाली की दाब उतरतो. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला ही उपमा आवडावी, यात नवल नाही. पण ती खरी नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवलेल्या काही विद्यार्थ्यांना चिडवणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारणारे अधिक रागावलेले आढळले. २०२४ साली दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही असेच दिसले : शरीराची खळबळ कमी करणाऱ्या उपायांनी राग उतरतो, धावण्याने उतरत नाही. धावणे आरोग्याला उत्तमच, पण रागाच्या क्षणी ते धडधडत्या हृदयाला आणखी धडधडवते.

मग करायचे काय? एक प्रयोग करून पाहा. शांत बसून मनगटावरची नाडी धरा. चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्या आणि सहा ते आठ अंक मोजेपर्यंत सावकाश सोडा. श्वास सोडताना ठोक्यांतील अंतर किंचित वाढल्याचे पुष्कळांना जाणवेल. व्हेगस नावाचा मज्जातंतू त्या वेळी हृदयाला आवर घालत असतो. श्वास हा आपल्या हाती असलेला लगाम तो असा! राग आला की प्रथम दोन पावले मागे सरा, असे आठ-दहा श्वास घ्या आणि झालेला प्रसंग मनात घोळवू नका. शरीर निवले की आपले म्हणणे स्पष्ट शब्दांत सांगा. अन्यायाचा राग येण्यात काही गैर नाही. पण तो नीट मांडायला डोके ताळ्यावर असावे लागते.

हा सराव मात्र राग नसताना, रोज पाच मिनिटे करावा. पोहणे कोणी पुरात शिकत नाही. आमच्या प्रयोगशाळेतली काच दुसऱ्या दिवशी बदलता आली. गोलक वीतभर इकडे गेला असता, तर जे फुटले असते ते बदलता आले नसते.